प्रीफॅब आणि मॉड्युलर एकच नव्हे भाऊ, भिंत नका पाहू, पाइप पाहा

आपल्या नागपुरात विटेशिवाय काहीही उभं राहिलं की त्याचं नाव पोर्टा केबिन. बुटीबोरीतलं साइट ऑफिस असो की मिहानकडचं लेबर क्वार्टर, लोक म्हणतात प्रीफॅब, मॉड्युलर, सगळं तेच. तेच नाही ना पण. प्रीफॅबमध्ये पॅनेल ट्रकनं येतात आणि साइटवर जोडतात, मॉड्युलरमध्ये अख्खी खोलीच डब्ब्यासारखी फॅक्टरीतून येते, आत वायरिंग झालेलं, नळ बसलेला, कमोडसुद्धा जागेवर, क्रेननं उचलायचं आणि ठेवायचं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात म्हणून गोंधळ होतो.

पॅनेलवाल्यात प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन साइटवरच काम करतात, फक्त पफ पॅनेलमध्ये (दोन पत्र्यांत फोम भरलेलं) विटेच्या भिंतीसारखी झिरी मारता येत नाही, मग एकतर पॅनेल बनतानाच आत कॉन्ड्युट, म्हणजे वायरची नळी, टाकून घ्यायचा, नाहीतर वरून केसिंग पट्टी. दिसायला बेकार, पण चुकलं तर उघडून दुरुस्त होतं. इथं वेळ वाचतो तो भिंतीचा, पाइप-वायरचा फारसा नाही, हे विकणारा सांगत नाही.

डब्ब्यात उलटं आहे. काम फॅक्टरीत होतं, सावलीत, टेबलावर केल्यासारखं, जॉइंट कमी आणि साफ. पण डब्बे शेजारी ठेवले की सगळी मजा त्यांच्या मधल्या फटीत. आणि तिथं वायर, पाणी, ड्रेन ही तीन कामं तीन तऱ्हेनं वागतात.

वायर सगळ्यात समजूतदार. चार-पाच मिलिमीटर डब्बा इकडंतिकडं झाला तरी तिला फरक पडत नाही, कनेक्टर लावा, झालं. एकच, प्रत्येक डब्ब्याची लोखंडी फ्रेम अर्थिंगच्या पट्टीनं वेगळी जोडा, काहून की फ्रेमवर पेंट असतो, बोल्टच्या भरवशावर अर्थिंग मिळेलच असं नाही. पाण्याची लाइनही ऐकते, कारण मागून प्रेशर असतं, मधे फ्लेक्सिबल होज किंवा युनियन (खोलता येणारा जोड) दिलं की निभतं.

ड्रेन मात्र कोणाचं ऐकत नाही बाप्पा. त्याला उतारच पाहिजे. ११० मिमीच्या पाइपला १०० ला १ असा स्लोप धरला तर ६ मीटरच्या डब्ब्यात ६० मिमी उतार जातो, आणि तुम्ही तीन डब्बे ओळीत ठेवून सगळ्यांचा ड्रेन एकाच टोकाला न्यायचा म्हटलं तर १८० मिमी, एवढी जागा डब्ब्याच्या फ्लोअरखाली असते कुठं! म्हणून बाथरूम एकावर एक आणि पाठीला पाठ लावून येतात, मधे शाफ्ट, म्हणजे पाइपसाठी सोडलेली उभी पोकळी, आणि प्रत्येक डब्ब्याचा ड्रेन सरळ शाफ्टात. हे ड्रॉइंगमध्येच ठरतं, साइटवर नाही. हिंगण्याकडे एका कामावर मी पाहिलं, डब्बे दणक्यात बसले आणि शाफ्टला दारच नव्हतं ठेवलेलं, एक जॉइंट गळायला लागला तर फिटर हात कुठून घालणार, शेवटी आतली टाइल फोडली. पॅनेलचं काम असतं तर दोन स्क्रू काढले असते.

आणखी एक, फॅक्टरीत टेस्ट झाली म्हणजे झाली असं नाही. ट्रेलरवर डब्बा हादरत येतो, टर्मिनल ढिले पडतात, पाइपचे क्लॅम्प सरकतात, म्हणून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारी टेस्ट) आणि प्रेशर टेस्ट दोन्ही साइटवर पुन्हा करून घ्या. पाण्याला वर्किंग प्रेशरच्या दीडपट. पॅनेलमध्ये ही टेस्ट एकदाच, शेवटी.

आता आपला उन्हाळा. डिसेंबरात १० डिग्रीला बसवलेला सीपीव्हीसी, म्हणजे पाण्याचा प्लास्टिक पाइप, मे महिन्यात ४५ ला पोचतो, ६ मीटरमागे साधारण १३-१४ मिमी वाढतो, तेव्हा दोन्ही टोकं घट्ट आवळलेली असली तर तो वाकतो नाहीतर जॉइंटवर ताण देतो. दोन्हीत लागू, पण डब्ब्यात पाइप बंद पोटात असल्यानं कोणाला दिसत नाही. छतावर टाकी ठेवायची तर हजार लिटर म्हणजे एक टन, डब्ब्याचं छत ते धरूनच डिझाइन केलेलं आहे का ते आधी विचारा, नाहीतर टाकी वेगळ्या स्टँडवर.

आणि कूलर. ड्रॉइंगमध्ये एसी असतो, कूलर कोणीच काढत नाही, आणि एप्रिल लागला की पहिलं भोक त्याच्यासाठीच पडतं. पॅनेलमध्ये तरी आधी आतला कॉन्ड्युट पाहून कटर चालवता येतो, डब्ब्यात मात्र त्याच भिंतीत कुठं फ्रेमचा लोखंडी पाइप आहे, कुठं तयार वायरिंग, ते फॅक्टरीच्या शॉप ड्रॉइंगशिवाय कळत नाही, म्हणून खिडकीखाली कूलरची जागा, पाण्याचा पॉइंट आणि छोटा ड्रेन ऑर्डर देतानाच लिहून द्या.