काटा सरकतो की उडतो?

लातूरहून अंबाजोगाईला चाललो होतो. रेणापूर मागं पडलं आणि टेंपरेचरचा काटा, जो इतका वेळ मधोमध होता, एकदम तळाला जाऊन बसला. चेक लाइट लागली, रेडिएटरचा फॅन घोंघावायला लागला. पुढं एका खड्ड्यात गाडी आदळली आणि काटा परत जाग्यावर! बाहेर मे महिन्यातलं ४२ अंशांचं ऊन. मिस्त्रीनं बॉनेट न उघडताच निकाल दिला, "थर्मोस्टॅट गेला साहेब. काढूनच टाकू, कटकट नको." मी हट्टानं नवा बसवून घेतला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच.

थर्मोस्टॅट आणि कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) टेंपरेचर सेन्सर यांची गल्लत व्हायला कारण आहे. बऱ्याच इंजिनांत दोघं एकाच हाउसिंगमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात आणि कुणीही बिघडलं तरी बोंब त्या एकाच काट्यावर उठते. कामं मात्र वेगळी. साधा थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारं दार, त्याला वीज लागत नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांना आतलं मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी होते. सेन्सर काहीच उघडत नाही, तो फक्त खबर देतो. तापमान वाढेल तसा त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, उतरतो: २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास, ८० अंशांना तीनशेच्या. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ५ व्होल्ट सोडून त्यावरून तापमान ताडतो.

आता विचार करा. तापलेलं लोखंड आणि चार-पाच लिटर उकळतं कूलंट एका सेकंदात गार होईल का? चहाचं पातेलंसुद्धा होत नाही. म्हणून काटा उडी मारत असेल तर तापमान बदललेलं नाही, खबर तुटली आहे. थर्मोस्टॅट अडकला तर काटा सरकतो, मिनिटामिनिटानं. बंद अडकला तर चढतच जातो, आणि बऱ्याच गाड्यांत वरचा पाइप चटका देतो, फॅन जोरात फिरतो, पण रेडिएटर मात्र गारच. उघडा अडकला तर इंजिन तापायलाच वेळ लावतं आणि पेट्रोल जास्त पितं. आपल्याकडं हा दुसरा बिघाड एप्रिल-मेमध्ये कळतही नाही. परभणीकडं डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा सकाळी काटा पाव भागाच्या वर जाईना झाला की उलगडा होतो.

एक अडचण आहे. नव्या गाड्यांचा काटा मुद्दाम सुस्त ठेवलेला असतो, ७५ ते १०५ अंशांपर्यंत तो मध्यावरच बसतो. काही गाड्यांत तर काटाच नाही, नुसता निळा-लाल दिवा. तेव्हा स्कॅनर, म्हणजे ईसीयूतली माहिती दाखवणारं यंत्र, लावून चालू आकडे बघायचे. मी बघितले, तर कूलंट उणे ४०! अंबाजोगाईत, मे महिन्यात! हा आकडा हवामानाचा नाही. सर्किट तुटलं की ईसीयूला असंच दिसतं. ईसीयूनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पी०११८ होता. उलट वायर अर्थ झाली की आकडा १३० च्या वर जातो आणि पी०११७ येतो. अधूनमधून तुटणाऱ्याला पी०११९. थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचा कोड बहुधा पी०१२८ असतो.

मग इंजिन चालू ठेवून, फॅनपासून हात लांब ठेवत, सेन्सरची वायर इंच इंच हलवत गेलो. कपलरपाशी, म्हणजे वायर सेन्सरला जोडणाऱ्या प्लगपाशी, आलो आणि आकडा ९१ वरून उणे ४० वर पडला, सोडली की परत ९१. कपलर काढला. एका पिनवर हिरवा थर होता आणि समोरची क्लिप ढिली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, क्लिप बारीक पकडीनं आवळली. तिथं काही सापडलं नसतं तर दोन पिनांच्या सेन्सरचा कपलर काढून वायरच्या तुकड्यानं कपलरमधली दोन्ही टोकं जोडायची: आकडा भरदिशी वर गेला तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, दोष सेन्सरचा. उंदरानं वायर कुरतडली असेल तर तीही याच परीक्षेत सापडते.

हे सगळं करण्याआधी कूलंट बघा, पण इंजिन थंड असतानाच. कमी असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि चांगला असूनही भलतंच सांगतो. शिवाय काही गाड्यांच्या थर्मोस्टॅटला स्वतःचा हीटर आणि वायर असते. तिथं "थर्मोस्टॅटला वीज लागत नाही" हे माझं वाक्य खोटं ठरतं, पी०५९७ ते पी०५९९ हे कोड त्याच हीटरच्या सर्किटचे.

मिस्त्रीनं काढून दिलेला जुना थर्मोस्टॅट मी घरी आणला होता. गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं, तो दोऱ्यानं लटकवला, थर्मामीटर सोडला. ८३ अंशांना त्यानं शांतपणे तोंड उघडलं. पातेलं चहाचं निघालं म्हणून घरात जे ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच.