मेट्रोनिडाझोल आणि आयव्हरमेक्टिन: रोझेशियाची दोन मलमं, दोन वाटा

मेट्रोनिडाझोल म्हटलं की आठवते ती अमिबाच्या जुलाबावरची गोळी. आयव्हरमेक्टिन म्हटलं की खरूज आणि जंत. दोन्ही औषधं परजीवींवरची म्हणून ओळखीची, आणि दोन्ही रोझेशियासाठी, म्हणजे चेहरा लाल होऊन पुटकुळ्या येणाऱ्या दीर्घकालीन त्वचाविकारासाठी, मलम म्हणून दिली जातात. त्यामुळे दोन्ही त्वचेतले माइट्स, म्हणजे तिथे राहणारे सूक्ष्म किडे, मारत असणार, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात माइट्स मारतं ते एकच, आयव्हरमेक्टिन.

हे माइट्स म्हणजे डेमोडेक्स. लांबी साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर, राहायला केसांची मुळं आणि तैलग्रंथी. बहुतेक प्रौढांच्या चेहऱ्यावर ते असतात आणि काही त्रास देत नाहीत. रोझेशियात मात्र ते अनेकदा संख्येने खूप जास्त सापडतात. आधी माइट्स वाढले म्हणून त्वचा भडकली, की भडकलेल्या त्वचेत त्यांना रान मोकळं मिळालं, यावर वाद आहे. शिवाय रोझेशियात रक्तवाहिन्यांचा आणि प्रतिकारशक्तीचाही वाटा असतो. म्हणून ‘किडे झालेत, मारून टाका’ हा हिशोब मला फार सोपा वाटतो.

मेट्रोनिडाझोल (०.७५ किंवा १ टक्का) या माइट्सचं फारसं काही बिघडवत नाही, तरीही पुटकुळ्या कमी होतात. पांढऱ्या पेशी दाहाच्या जागी जी त्रासदायक रसायनं सोडतात त्यांना ते आवर घालतं, असं मानलं जातं. आयव्हरमेक्टिन (१ टक्का, दिवसातून एकदा) दोन्हीकडून काम करतं: माइट्सच्या मज्जातंतूंवर परिणाम करून त्यांना मारतं आणि दाहही शमवतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ही दोन मलमं समोरासमोर ठेवली होती. १६ आठवड्यांनी आयव्हरमेक्टिनच्या गटात पुटकुळ्या सरासरी ८३ टक्क्यांनी कमी झाल्या, तर ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा लावणाऱ्यांत ७४ टक्क्यांनी. फरक आहे, पण जुनं मलम टाकाऊ ठरावं इतका नाही.

दोन्हींना वेळ द्यावा लागतो. आठवडाभरात काही दिसलं नाही म्हणून ट्यूब बाजूला टाकणं ही नेहमीची चूक. दोन-तीन महिने नियमित लावल्याशिवाय निकाल ठरवू नये. आयव्हरमेक्टिनने सुरुवातीला काहींची त्वचा थोडी जास्त लाल होते, चुरचुरते. आणि जनावरांसाठीचं आयव्हरमेक्टिन चेहऱ्यावर अजिबात नको. त्याची तीव्रता आणि त्यातले बाकीचे घटक माणसाच्या त्वचेसाठी ठरवलेले नसतात.

निराशा होते ती लालीच्या बाबतीत. पुटकुळ्यांच्या भोवतीची लाली दोन्ही मलमांनी उतरते, पण कायमची लाली आणि दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तशाच राहतात. लालीसाठी ब्रिमोनिडिन जेल असतं. ते रक्तवाहिन्या तात्पुरत्या आकुंचित करतं, असर काही तास टिकतो, आणि काहींना तो उतरल्यावर लाली आधीपेक्षा जास्त उसळते. वाहिन्यांसाठी लेझर. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तिथे जळजळ आणि पुटकुळ्या हीच खूण, म्हणून निदान पुष्कळदा मुरुमांकडे घसरतं. रोझेशियात मुरुमांसारखे ब्लॅकहेड्स-व्हाइटहेड्स मात्र नसतात.

सगळ्यात घातक गोंधळ तिसऱ्याच मलमाचा, स्टेरॉइडचा. लावताच चेहरा शांत होतो, म्हणून तेच ‘लागू पडलं’ असं वाटतं. थांबवलं की त्रास दुपटीने उलटतो, मग पुन्हा तेच लावलं जातं. त्यातून रोझेशियासारखाच दिसणारा एक वेगळा विकार उभा राहतो, आणि स्थानिक प्रतिकारशक्ती दबल्यामुळे माइट्सनाही वाढायला जागा मिळते. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात, गोरेपणाच्या क्रीमसकट. काहींत स्टेरॉइड निघतं.