सांधे दुखतात, तेव्हा स्वादुपिंडाचीही चौकशी हवी

स्वादुपिंडाचा जुनाट दाह असलेला माणूस गुडघे, खुबे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा पोटाचा विषय बहुधा निघतच नाही. पोटाच्या डॉक्टरांकडे सांध्यांचा निघत नाही. मग ‘स्वादुपिंडाचा पाचकरस कमी पडतो म्हणून जेवणाबरोबर घेतो त्या एन्झाइमच्या कॅप्सूलमुळेच तर हे होत नसेल? बंद करून पाहू का?’ हा प्रश्न तो स्वतःलाच विचारत बसतो. माझं ठाम मत आहे की कॅप्सूल बंद करण्याआधी ती नीट लागू पडते आहे का, हे आधी तपासावं.

निरोगी स्वादुपिंड रोज साधारण दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडतं. त्यातलं लायपेज हे एन्झाइम चरबी पचवतं. या ग्रंथीची राखीव ताकद एवढी मोठी की लायपेजचं प्रमाण मूळच्या सुमारे 10 टक्क्यांवर येईपर्यंत न पचलेली चरबी शौचातून पडताना सहसा दिसत नाही. शौचाला तेलकट, चिकट, उग्र वासाचं होऊ लागतं तोवर बरंच काही गमावलेलं असतं. आणि चरबीबरोबर तिच्यात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही वाया जातात.

सांध्यांच्या दृष्टीनं यातलं ‘ड’ सर्वांत महत्त्वाचं. ते कमी पडलं की कॅल्शियम पुरेसं शोषलं जात नाही, नव्या हाडात खनिज नीट भरत नाही आणि हाड मऊ राहतं. अशी हाडं दुखतात. कंबर, खुबे, मांड्या, नडग्या, बरगड्या अशा ठिकाणी खोल ठणका लागतो. जिना चढताना, खाली बसून उठताना मांड्यांत जोर राहत नाही. पेशंट याला सांधेदुखी म्हणतो, आणि त्यात त्याचं काहीच चुकत नाही, कारण दुखणं सांध्यांच्या आसपासच जाणवतं. पण सांध्याला सूज आहे का, तो हाताला गरम लागतो का, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेला राहतो का, हे पाहिलं तर फरक कळू लागतो; ही लक्षणं सांध्याच्याच दाहाकडे बोट दाखवतात. नुसती नडगी दाबली तरी कळ येत असेल, तर हाडाचा संशय घ्यावा. ठिसूळपणाचा धोकाही इथे मोठा आहे. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा या आजाराच्या चारांतल्या जवळपास एका पेशंटला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होऊन ठिसूळ होण्याचा आजार, आढळला, आणि तिघांतल्या दोघांची हाडांची घनता कमी निघाली. तरीही घनता मोजणारी डेक्सा तपासणी कित्येकांना कुणी सुचवलेलीच नसते, याचं वाईट वाटतं.

एन्झाइमची कॅप्सूल घेऊनही रक्तातलं ‘ड’ वाढत नसेल, तर ती कधी आणि किती घेतली जाते ते विचारावं. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाबरोबर सहसा 40,000 ते 50,000 युनिट लायपेज लागतं, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं. पहिल्या घासाबरोबर सुरुवात करावी. जेवण लांबलं तर डोस विभागून घ्यावा. तासाभरानं आठवण होऊन घेतलेल्या कॅप्सूलची अन्नाशी गाठ नीट पडत नाही. आतले दाणे चावू नयेत. त्यांच्यावरचं आवरण आम्लता कमी झाल्यावरच विरघळतं, आणि आजारी स्वादुपिंड आम्ल मारणारं बायकार्बोनेटही कमी बनवतं. म्हणून काहींना ॲसिडिटीची गोळी जोडून द्यावी लागते.

कॅप्सूलवरचा संशय मात्र अगदीच निराधार नाही. ही एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. त्यांत प्युरिन असतात आणि त्यांमुळे रक्तातलं यूरिक ॲसिड वाढू शकतं. पूर्वी गाउट (यूरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून येणारी सूज) झालेल्यांनी, किडनी अधू असलेल्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, पांघरुणाचा स्पर्शही सहन होईना, तर गाउटचा विचार हवाच. ऐन दुखण्यात यूरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेव्हा तो नंतर पुन्हा करावा.

क्वचित प्रसंगी स्वादुपिंडातलं लायपेज थेट रक्तात उतरतं आणि त्वचेखालची व सांध्यांजवळची चरबी जाळू लागतं. पायांवर लाल, दुखऱ्या गाठी येतात, घोटे आणि गुडघे सुजतात. पोट मात्र शांत असू शकतं, त्यामुळे निदान चुकतं. असं दिसलं तर थांबू नये, लगेच दाखवावं.

औषधांचं तारतम्यही लागतं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि किडनीला जाचतात; स्टिरॉइड फार दिवस चाललं तर हाडं आणखी विरळ होतात. संधिवातासाठी कधी कधी दिलं जाणारं अझाथायोप्रिन स्वतःच स्वादुपिंडाचा दाह घडवू शकतं. पॅरासिटामॉल त्या मानानं सौम्य, पण वजन फार उतरलं असेल किंवा यकृत बिघडलं असेल तर त्याचाही डोस डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. एकदोन सांधेच दुखत असतील तर वरून लावायचं वेदनाशामक जेल आधी वापरून पाहण्याजोगं आहे.

‘ड’ची कमतरता भरून काढायला सुरुवात केली की आठवड्याभरात आराम पडेल असं समजू नये. हाडांचा ठणका ओसरायला काही आठवडे ते काही महिने जातात, मांड्यांतला जोर त्याहूनही सावकाश परततो. साधारण तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावं. पातळी तिथेच अडकली असेल, तर ‘ड’चा डोस वाढवण्याआधी जेवणाबरोबरच्या कॅप्सूलचा हिशेब पुन्हा मांडावा.