हाताची नस : एका शब्दाचा आणि एका वेणीचा इतिहास

घोडबंदर रोडवर किंवा पाम बीच रोडवर दुचाकी घसरते. हेल्मेट असतं म्हणून डोकं वाचतं, पण माणूस खांद्यावर आपटतो. खांदा खाली दाबला जातो आणि मान दुसऱ्या बाजूला ओढली जाते. दहीहंडीच्या वरच्या थरावरून पडलेल्या गोविंदाचंही असं होऊ शकतं. मोडलेलं हाड काही आठवड्यांत जुळतं, खरचटलेलं भरून येतं, पण झोळीतून काढलेला हात खांद्यापासून लुळा लटकत राहतो. ‘नस दबलीय, येईल हळूहळू,’ असं घरात कुणीतरी सांगतं आणि पुढचे चार-सहा महिने मालिश, शेक, गोळ्या आणि पट्ट्यांत जातात. ठाण्यात फिजिओथेरपीचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की मानेतून हाताकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या (नर्व्हच्या) जुडग्याला, म्हणजे ‘ब्रेकिअल प्लेक्सस’ला होणाऱ्या या इजेची पार्श्वभूमी सांगायची तर त्या वाक्यातल्या ‘नस’ आणि ‘दबणं’ या दोन्ही शब्दांपासूनच सुरुवात करावी लागेल असं मला वाटतं.

आधी ‘नस’. सलाईन लावताना सिस्टर म्हणते, ‘नस सापडत नाही’. ती शीर असते. रात्री पोटरीत गोळा आला की ‘नस चढली’. तो आखडलेला स्नायू असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात प्रेस मशीनखाली हात आला आणि बोट वाकेनासं झालं की ‘नस तुटली’. ती बहुधा कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी. आणि कमरेपासून पायापर्यंत कळ गेली की ‘नस दबली’. या चारांत खरी नर्व्ह एवढी एकच.

हा घोळ मराठी माणसाच्या अडाणीपणातून आलेला नाही. ग्रीक भाषेतल्या ‘न्यूरॉन’ शब्दाचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असा होता. लॅटिन ‘नेर्वुस’चंही तसंच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात मृतदेहांची चिरफाड झाली, तेव्हा मेंदू आणि पाठीच्या कण्यातून निघणारे पांढरे धागे संवेदना आणि हालचाल वाहतात हे ओळखलं गेलं. नाव मात्र त्यांना जुनंच मिळालं. पांढरं, चिवट, दोरीसारखं जे दिसेल ते न्यूरॉन. हात उघडून पाहिलेल्या कुणालाही हे पटेल: मनगटापाशी मीडियन नर्व्ह आणि तिच्या शेजारच्या कंडरा यांतला फरक नवख्या डोळ्याला पटकन कळत नाही.

आपल्याकडचा गुंता आणखी खोल आहे, कारण शब्द जागच्या जागी राहिले आणि अर्थ सरकले. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ९०० स्नायू, ७०० सिरा आणि ५०० पेशी मोजल्या आहेत. तिथला ‘स्नायू’ म्हणजे बांधणारा पदार्थ. फळ्या अनेक बंधनांनी बांधल्या की नाव पाण्यात भार वाहते, तसा स्नायूंनी बांधलेल्या सांध्यांमुळे माणूस भार वाहतो, अशी तिथली उपमा आहे. आज मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारं मांस. त्या मांसाला सुश्रुतात ‘पेशी’ म्हटलं आहे, आणि आपण पेशी कशाला म्हणतो ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. ‘मज्जा’ म्हणजे हाडातला गर. तरीही नर्व्हला आपण ‘मज्जातंतू’ म्हणतो, म्हणजे शब्दशः हाडातल्या गराचा धागा. पाठ्यपुस्तकांनी ‘चेतातंतू’ आणि ‘चेतासंस्था’ हे शब्द रुजवले, तर कोशांतून ‘तंत्रिका’ हा शब्द आला. माझ्या मते ‘चेतातंतू’ सगळ्यांत नेमका, पण ओपीडीत तो उच्चारला की समोरचा विचारतो, ‘म्हणजे नसच ना?’

जुन्या ग्रंथांत निरीक्षण नव्हतं असं नाही. खांद्याच्या पात्यापाशी असलेल्या अंसफलक या मर्माला इजा झाली तर बाहूंना ‘स्वाप’ आणि ‘शोष’ होतो, म्हणजे बधिरपणा येतो आणि हात वाळतो, असं सुश्रुतात आहे. छाती आणि काख यांच्या मधल्या कक्षधर मर्माला इजा झाली तर पक्षाघात होतो, असंही आहे. हाताच्या नर्व्हचा जुडगा काखेतून जातो तीच ही जागा. बोटांपासून बाहूच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या कंडरा बिघडल्या की हाताचं काम थांबतं, त्या विकाराला ‘विश्वाची’ म्हटलं आहे. वर्णन नर्व्हच्या दुखण्याचं, दोष कंडरेकडे. लक्षण बरोबर टिपलं होतं, पण ते वाहून नेणाऱ्या धाग्याला वेगळं नाव नव्हतं. इथून ‘आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ अशी उडी मारणं मला मान्य नाही, आणि ‘काहीच ठाऊक नव्हतं’ हेही नाही.

दुसऱ्या शतकात रोममधल्या एका ग्रीक वैद्याकडे आलेला रुग्ण मला या सगळ्या इतिहासात फार महत्त्वाचा वाटतो. त्याची करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटाचा अर्धा भाग बधिर झाला होता. आधीचे वैद्य बोटांनाच लेप लावत बसले होते. या वैद्याने विचारलं, आधी कुठे मार लागला होता का? रुग्ण गाडीतून पडला होता आणि पाठीच्या वरच्या भागाला दणका बसला होता. वैद्याने लेप बोटांवरून काढून मानेखाली, सातव्या मणक्यानंतर जी नर्व्ह बाहेर येते तिच्या उगमापाशी लावला. यातलं ‘अर्धं मधलं बोट’ आजही बोलकं आहे. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नर्व्ह दुखावली, तर रेषा सहसा अनामिकेच्या मधोमध पडते. बधिरपणा मधल्या बोटापर्यंत पोचला, की संशय कोपरावरून मानेकडे सरकतो.

याचं कारण ‘ब्रेकिअल प्लेक्सस’ या नावातच आहे. ‘प्लेक्सस’चं भाषांतर आपण ‘जाळं’ किंवा ‘जालिका’ असं करतो. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ विणलेलं, गुंफलेलं असा आहे, म्हणून माझ्या मते ‘वेणी’ हा शब्द जास्त जवळचा. मानेतली शेवटची चार (पाचवं ते आठवं) आणि छातीतलं पहिलं अशी पाच मुळं येतात, त्यांचे तीन पेड होतात, पेड फुटून पुन्हा वेगळे तीन पेड वळले जातात आणि त्यांतून हाताच्या पाच मुख्य नर्व्ह निघतात. जाळ्यात धागा कुठून आला याला महत्त्व नसतं, वेणीत ते असतं. एकाच मुळाचे धागे अनेक नर्व्हमध्ये असतात आणि एकाच नर्व्हमध्ये अनेक मुळांचे. मूळ दुखावलं तर बिघाडाचा नकाशा वेगळा आणि नर्व्ह दुखावली तर वेगळा.

एकोणिसाव्या शतकातले टप्पे थोडक्यात. बाळंतपणात अवघडलेल्या बाळाचा हात लुळा पडतो याचं वर्णन १८७२ साली पॅरिसमध्ये नीट झालं. १८७४ मध्ये एका जर्मन डॉक्टरने कॉलरबोनच्या वरच्या एका जागी विजेचा झटका देऊन पाचव्या-सहाव्या मुळाचा बिघाड ओळखला, तोच आजचा एर्ब पाल्सी. त्यात हात अंगालगत, आत वळलेला आणि तळवा मागे असा राहतो, जणू कुणी नकळत पैसे घेतोय. खालच्या मुळांच्या बिघाडाचं वर्णन १८८५ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या, अमेरिकेत जन्मलेल्या एका तरुण विद्यार्थिनीने केलं. १९०० च्या सुमाराला इंग्लंडमधून वेणी शिवल्याची पहिली नोंद आली. १९११ मध्ये कॉलरबोनच्या वर सुई घालून फक्त हात बधिर करण्याची पद्धत एका जर्मन डॉक्टरने आधी स्वतःवर करून पाहिली. आज मनगटाच्या शस्त्रक्रियेसाठी ‘फक्त हात झोपवू’ म्हणतात, त्याची सुरुवात अशी झाली.

मग युद्धं आली, आणि ‘दबणं’ या शब्दाचा निकाल तिथे लागला. १९१५ साली समोरासमोरच्या सैन्यांतल्या एका जर्मन आणि एका फ्रेंच डॉक्टरने, एकमेकांना न विचारता, तीच खूण नोंदवली: वाढत्या नर्व्हवर बोटाने टिचकी मारली की पुढच्या भागात मुंग्या येतात. १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये नर्व्हच्या इजेचे तीन प्रकार ठरवले गेले. पहिल्यात धागे शाबूत असतात आणि संदेश काही काळ थांबतो, ही नर्व्ह आपोआप परतते. दुसऱ्यात आतले धागे तुटतात पण वेष्टण टिकतं, तेव्हा ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतात. तिसऱ्यात सगळंच तुटतं आणि शिवल्याशिवाय काही होत नाही. १९४७ मध्ये कण्यात रंग सोडून काढलेल्या एक्स-रेंतून चौथीही गोष्ट दिसू लागली: मूळ मेरुरज्जूतूनच उपटलेलं, जमिनीतून गवत उपटावं तसं. तिथे शिवायला टोकच उरत नाही. ‘नस दबलीय, येईल’ हे वाक्य यांतल्या पहिल्या प्रकाराला आणि काही अंशी दुसऱ्याला लागू पडतं. आपण ते चारही प्रकारांना लावतो.

त्या काळातला उपाय ऐकवत नाही. संपूर्ण हात गेलेल्या तरुण मोटारसायकलस्वाराचा खांदा जखडायचा, कोपराच्या वर हात कापायचा आणि कृत्रिम हात बसवायचा. १९६६ साली पॅरिसला भरलेल्या अस्थिशल्यविशारदांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सूर असाच निघाला, की ही वेणी शिवणं जवळपास अशक्य आहे आणि शिवली तरी उपयोगाचा हात मिळेल याची खात्री नाही. तेव्हाच्या साधनांनी पाहिलं तर तो निष्कर्ष प्रामाणिक होता. पण माझ्या मते त्या सुराची सावली आपल्याकडे फार काळ रेंगाळली.

खरं तर त्याच दशकात वारं फिरायला लागलं होतं. शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आला. व्हिएन्नामध्ये तुटलेली टोकं ताणून जोडण्याऐवजी पायातल्या संवेदनेच्या नर्व्हचे तुकडे मध्ये घालायची पद्धत बसली. मूळच उपटलं असेल तर शेजाऱ्याकडून उसनं घ्यायचं, हा विचार रुजला. बरगड्यांमधल्या नर्व्ह दंडाकडे वळवल्या गेल्या, खांदा उचलणाऱ्या नर्व्हची एक फांदी खांद्याच्या दुसऱ्या स्नायूंना दिली गेली. १९८६ मध्ये शांघायमध्ये चांगल्या बाजूचं सातवं मूळ वापरलं गेलं. १९९४ मध्ये पॅरिसमधून अल्नर नर्व्हच्या अनेक धाग्यांपैकी एक काढून दंडाच्या स्नायूला जोडण्याची युक्ती आली. मुठीची ताकद फारशी कमी न होता कोपर वाकू लागलं. लहान बाळांसाठी १९८० च्या दशकात पॅरिसहून तीन महिन्यांचा दंडक निघाला: तोवर दंडाचा स्नायू हलला नाही तर शस्त्रक्रिया. काही केंद्रं त्याहून जास्त थांबतात, आणि हा वाद मिटलेला नाही.

भारताचा वाटा वेगळ्या वाटेने आला. कुष्ठरोगात कोपरापाशी अल्नर नर्व्ह सुजते, ती बोटांनी चाचपून कळते. मग करंगळी आणि अनामिका आकड्यासारख्या वळतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरमध्ये अशा हातांतल्या चालत्या कंडरा बंद पडलेल्या स्नायूंच्या जागी बसवायला सुरुवात झाली. गेलेल्या नर्व्हचं काम इथे कंडरेने केलं. मनगट उचलणारी रेडियल नर्व्ह परतलीच नाही आणि मनगट लोंबकळत राहिलं, तर त्या रुग्णाला आजही बहुधा हाच मार्ग उरतो.

या सगळ्या तंत्रांना एक घड्याळ बांधलेलं आहे. नर्व्हशिवाय राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षात संदेश घेण्याची जागाच गमावतो. मानेपासून तळहातापर्यंत अंतर ७० सेंटिमीटर धरलं, तर दिवसाला १ मिलिमीटर या हिशेबाने जवळजवळ दोन वर्षं होतात. म्हणून मानेत केलेला जोड तळहाताच्या बारीक स्नायूंपर्यंत मोठ्या माणसात सहसा वेळेत पोचत नाही, पण खांदा आणि कोपर हाती लागू शकतात, तेही तीन ते सहा महिन्यांत निर्णय झाला तर. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ईएमजी-एनसीव्ही (स्नायू आणि नर्व्हमधल्या विजेच्या संदेशांची तपासणी) आणि मानेचा एमआरआय व्हावा असा माझा आग्रह असतो तो यामुळे. एका डोळ्याची पापणी थोडी खाली आलेली आणि बाहुली लहान दिसली, तर खालचं मूळ उपटलं असावं, हे घरच्यांनाही आरशाशिवाय दिसतं.

वाशी, कोपरखैरणे, कळवा, वर्तकनगर कुठूनही आलेल्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ‘पोस्ट ट्रॉमॅटिक ब्रेकिअल प्लेक्सोपथी’, म्हणजे मार लागून वेणीत आलेला बिघाड, असं लिहिलेलं असतं. घरी पोचेपर्यंत त्याची ‘नस दबलीय’ होते. मी त्या कार्डाच्या मागे तीन पेडांची वेणी काढून देतो आणि तिच्या उगमापाशी फुली मारतो. ज्यांच्या बरगड्यांमधल्या नर्व्ह दंडाला जोडल्या जातात, त्यांना सुरुवातीला कोपर वाकवायला सांगून काही होत नाही. ‘मोठा श्वास घ्या’ म्हणावं लागतं. महिनोन्महिने काहीच हलत नाही, मग एका श्वासासरशी दंडाखाली बारीकशी थरथर उमटते. ती पहिल्यांदा बहुतेक वेळा रुग्णाच्या आईला दिसते, कारण रोज तेल लावताना तिचा हात तिथेच असतो.