जपानी नावांची अक्षरे आणि त्यांवरचा अधिकार

साकुरा म्हणजे चेरीचा बहर, हारू म्हणजे वसंत, अशा याद्यांमधून जपानी नावांची ओळख सहसा होते. त्या चुकीच्या नाहीत, पण अपुऱ्या आहेत, कारण नावात कोणते अक्षर (कांजी, म्हणजे स्वतःचा अर्थ आणि बहुधा एकाहून अधिक उच्चार असलेले चिन्ह) यावे आणि ते कोणी द्यावे, याला जपानमध्ये अर्थाइतकेच महत्त्व राहिले आहे.

सामुराई घराण्यांतील मुलाला बाळपणीचे एक नाव असे आणि वयात येताना, गेनपुकू या संस्कारात, मोठेपणीचे नाव मिळे. त्या वेळी धन्याने स्वतःच्या नावातील एक अक्षर देणे हा मोठा मान समजला जाई. ते स्वीकारणाऱ्याची निष्ठाही त्यातून जाहीर होई. पुढे शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश) झालेल्या तोकुगावा इएयासूचे बाळपणीचे नाव ताकेचियो होते. इमागावा योशिमोतो या बलाढ्य सरदाराकडे ओलीस असताना त्याच्या नावातील ‘मोतो’ मिळून तो मोतोनोबू झाला आणि नंतर आजोबा कियोयासू यांचे ‘यासू’ घेऊन मोतोयासू. १५६० मध्ये ओकेहाझामाच्या लढाईत योशिमोतो मारला गेला. १५६३ मध्ये मोतोयासूने ‘मोतो’ टाकून इएयासू हे नाव धारण केले. जुन्या धन्याशी नाते तुटल्याचे सांगायला वेगळ्या जाहीरनाम्याची गरज उरली नाही.

सामान्य रयतेचा प्रश्न वेगळा होता. एदो काळात (तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, १६०३ ते १८६८) शेतकरी आणि व्यापारी यांना, काही अपवाद वगळता, आडनाव उघडपणे लावता येत नसे, जरी अनेक घरांत ते खासगीत चालत असले तरी. त्यानंतर आलेल्या मेइजी सम्राटाच्या सरकारने १८७० मध्ये ही मनाई उठवली. तरीही लोक पुढे येईनात, तेव्हा सैन्यभरती आणि करवसुलीसाठी प्रत्येकाची नेमकी नोंद हवी असलेल्या सरकारने १८७५ मध्ये आडनाव सक्तीचे केले. तानाका (भातखाचरांच्या मधला) किंवा यामामोतो (डोंगराच्या पायथ्याचा) यांसारखी आडनावे मात्र त्याआधीपासूनची, जमिनीशी जोडलेली आहेत.

स्त्रियांच्या नावांत त्सुरू (क्रौंच) आणि कामे (कासव) ही दीर्घायुष्याची प्रतीके रूढ होती. ‘को’ हा शेवट मुळात दरबारी स्त्रियांचा. मेइजी काळानंतर तो घरोघरी पोहोचला. डिसेंबर १९२६ मध्ये नव्या सम्राटाचे शोवा पर्व सुरू होताच त्या नावातील ‘वा’चे अक्षर घेतलेले (येथे ते ‘काझु’ असे वाचले जाते) काझुको लोकप्रिय झाले, तर दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मुलग्यांसाठी विजय सुचवणारे मासारू.

१९४८ पासून नावांत कोणती अक्षरे चालतील हे कायद्याने ठरू लागले. आज ती सुमारे तीन हजार आहेत. अर्थावर मात्र तसे बंधन नव्हते. म्हणूनच १९९३ मध्ये आकिशिमा शहरात एका बापाने मुलाचे नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, ठेवले तेव्हा पेच पडला, कारण त्यातील दोन्ही अक्षरे मान्य यादीतली होती. उच्चारही पालकांच्या मर्जीवर राहिला आणि अक्षरांवरून ओळखता न येणारी ‘किराकिरा’ (चमकदार) नावे वाढली. २६ मे २०२५ पासून कुटुंबनोंदीत नावाचा उच्चार लिहिणेही बंधनकारक झाले असून तो सर्वसाधारणपणे मान्य असावा, अशी अट आहे.