जखम हाडापाशी सुरू होते

परवा औषधांच्या दुकानात एक मुलगा व्हीलचेअरवरच्या वडिलांना बेडसोअर होऊ नये म्हणून गोल रबरी रिंग घेत होता. "मधे भोक आहे ना, तिथे दाबच येत नाही," दुकानदार म्हणाला. मी मुलाला थांबवलं. त्या रिंगच्या कडेवर भार गोळा होतो, मधली कातडी ताणली जाते आणि तिचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

सतत बसून किंवा पडून राहिल्याने होणारा बेडसोअर म्हणजे कातडी घासून वरून पडलेली जखम, असा आपला समज. खोल जखमा मात्र बहुधा आतून सुरू होतात. कडक बाकावर बसून कुल्ल्यांखाली हात घाला, दोन टेंगळं बोटांना टोचतील. बसल्यावर बराचसा भार त्या हाडांवर येतो. हाडाच्या टोकाशी दाब सर्वांत जास्त असतो, कातडीकडे येताना तो पसरतो. मधे सापडतो स्नायू, आणि तो कातडीपेक्षा नाजूक. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ यूजीन लँडिस यांनी १९३० साली नखाच्या मुळाशी केशवाहिनीतला, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिनीतला, दाब मोजला, तो धमनीकडच्या टोकाला पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतका भरला. बसलेल्या माणसाच्या हाडाखाली याहून कितीतरी जास्त दाब असतो. केशवाहिन्या मिटतात, पेशींचा ऑक्सिजन तुटतो. त्याहून वाईट म्हणजे पेशी पिळवटतात, त्यांचं आवरण फाटतं. ऑक्सिजन तुटून पेशी मरायला काही तास लागतात. जोराच्या पिळवटीने मात्र काही मिनिटांतही नुकसान सुरू होतं.

दुखू लागलं की आपण नकळत चुळबूळ करतो म्हणून वाचतो. मज्जारज्जूला इजा झालेल्याला ती कळ पोचतच नाही. हे कुणाच्या कर्माचे भोग नाहीत. १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन रुग्णांना रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावत, ते याचसाठी.

खुर्चीत दर १५ ते ३० मिनिटांनी भार हलवायचा. हातांवर क्षणभर उचलून भागत नाही, ऑक्सिजन पूर्ववत व्हायला दोनेक मिनिटं लागू शकतात. तोल सावरत असेल तर ब्रेक लावून पुढे वाकावं, छाती मांड्यांकडे न्यावी. चांगली हवेची गादी दाब वाटून देते, पण 'जखम होणारच नाही' ही जाहिरात खोटी आहे.

रोज रात्री आरसा धरून बसायच्या जागेची कातडी बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल, तर तो जाईपर्यंत त्यावर बसू नका, तेल-स्पिरिट चोळू नका आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही; तिथे हाताची मागची बाजू लावून पाहा, जागा गरम किंवा टणक लागते का.