हलक्या विमानाच्या धडासाठी फिरता स्टँड : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विमानाच्या धडाची, म्हणजे फ्युजलाजची दुरुस्ती किंवा नवी जोडणी करताना निम्मे काम पोटाखाली, जमिनीलगत आणि डोक्यावर हात ताणून करावे लागते. अशा अवस्थेत मारलेला रिवेट किंवा भरलेला वेल्ड चांगला निघाला, तर ते कारागिराचे कौशल्य. पण दिवसभर त्याच प्रतीचे काम होईल, अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही. धड दोन्ही टोकांना पकडून स्वतःच्या लांबीभोवती फिरवता आले, तर कामाची जागा कारागिराच्या कमरेच्या उंचीवर येते. त्यासाठी आम्ही जो स्टँड बनवून देतो, त्याची रचना कशी असते आणि तो कसा वापरावा, याची माहिती या पत्रकात दिली आहे. ज्यांना असा स्टँड स्वतःच्या वर्कशॉपमध्ये तयार करायचा आहे, त्यांनाही ती उपयोगी पडेल.

पोलादी नळ्यांचा वेल्ड केलेला सांगाडा आणि त्यावर कापड, अशा बांधणीच्या विमानांना या स्टँडचा सर्वाधिक लाभ होतो. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने तयार केलेले आणि १९५८ साली प्रथम उडालेले दोन आसनी ‘पुष्पक’ याच बांधणीचे असून, देशातील फ्लाइंग क्लबांत त्याने अनेक वर्षे प्रशिक्षणाचे काम केले. अशा जुन्या सांगाड्यात गंज बहुधा खालच्या नळ्यांत, शेपटाकडच्या टोकाला, आतून लागलेला असतो, कारण आत शिरलेले पाणी उतारावरून तिथेच साचते. नळ्या दुरुस्त केल्यावर त्यांच्या आत गरम अळशीचे तेल सोडण्याची पद्धत जुनी आणि उत्तम आहे. सांगाडा सावकाश पूर्ण फिरवल्यास ते तेल प्रत्येक नळीच्या सर्व बाजूंना लागते, आणि नंतर योग्य त्या कोनात थांबवून जादा तेल निथळून घेता येते. हे काम फिरत्या स्टँडविना नीट करणे फार अवघड आहे. ॲल्युमिनियमच्या धडांना मिळणारा फायदा वेगळा आहे : ड्रिलचा कीस, तुटलेल्या रिवेटांची डोकी, हातातून निसटलेला नट हे सारे धड उलटे करताच खाली पडते आणि नियंत्रणाच्या तारांजवळ अडकून राहत नाही.

स्टँडच्या रचनेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे फिरण्याचा अक्ष धडाच्या गुरुत्वमध्यातून जाणे. पाइप किती जाड वापरला आणि चाके कोणती बसवली, याची चौकशी ग्राहक आवर्जून करतात. अक्षाविषयी मात्र क्वचितच विचारतात, आणि त्रास नेमका तिथूनच सुरू होतो. समजा, धडाचे वजन १५० किलो आहे आणि अक्ष गुरुत्वमध्यापासून ५ सेंटिमीटर दूर आहे, तर धड सर्वांत प्रतिकूल स्थितीत असताना ते तोलून धरण्यासाठी १ मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साडेसात किलोचा जोर लागतो. तेच अंतर १५ सेंटिमीटर झाले तर साडेबावीस किलो लागतो आणि दांडा हातातून सुटल्यास धड झटक्याने फिरून शेजारी उभ्या असलेल्या माणसाला इजा करू शकते. म्हणून आमच्या स्टँडच्या पुढच्या आणि मागच्या पकड-प्लेटांत उभे खाचे असतात. धड बसवल्यावर ते हलक्या हाताने मोकळे सोडून पाहावे. जी बाजू आपोआप खाली जाते ती जड असते, हे लक्षात घेऊन प्लेट थोडी थोडी सरकवावी आणि धड कोणत्याही कोनात सोडले तरी जागेवर राहील, तेव्हा बोल्ट पक्के आवळावेत. फरशी, आसनांचे रूळ किंवा नियंत्रणांचे भाग बसवल्यानंतर हा तोल बदलतो, त्यामुळे तपासणी दर टप्प्याला पुन्हा करावी.

पुढची पकड फायरवॉलवरील (इंजिन आणि केबिन यांच्यामधील आगरोधक भिंतीवरील) इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या चौकटीच्या, मूळ छिद्रांना बोल्टने जोडली जाते. ही छिद्रे कोणत्याही परिस्थितीत मोठी करू नयेत. बोल्ट सैल बसत असेल तर योग्य मापाचा बुश (छिद्रात बसणारी धातूची नळकांडी) वापरावा. मागची पकड शेपटाच्या खांबाला किंवा शेवटच्या बल्कहेडला (धडाच्या आतील आडव्या भिंतीला), उत्पादकाच्या आराखड्यात भार घेण्यासाठी दिलेल्या जागीच धरावी. नुसत्या पत्र्याला पट्टा बांधून धड टांगू नये. दोन्ही टोकांना प्लमर ब्लॉक बेअरिंग, म्हणजे चौकटीवर बोल्टने बसणाऱ्या ठोकळ्यातील बेअरिंग असतात. त्यांपैकी मागच्या बेअरिंगमधील शाफ्ट लांबीच्या दिशेने थोडा सरकू शकेल असा ठेवलेला असतो, कारण दोन्ही टोके घट्ट बांधली तर जमिनीचा चढउतार आणि खांबांची हालचाल यांचा ताण थेट धडावर येतो. धड फिरवताना आणि लॉक करताना फक्त पुढचे टोक वापरावे. एक टोक अडकवून दुसऱ्या टोकाला जोर लावल्यास धडाला पीळ बसतो. लॉकसाठी पुढच्या चकतीवर दर १५ अंशांवर एक, अशी २४ छिद्रे असून त्यांत पोलादी पिन बसते. वर्म गिअर (मळसूत्री दांड्याने चाक फिरवणारा गिअर) असलेल्या मॉडेलमध्येही काम सुरू करण्यापूर्वी पिन घालणे आवश्यक आहे. केवळ गिअरच्या भरवशावर कोणीही धडाखाली जाऊ नये.

उंची ठरवताना अक्षापासून धडाच्या सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यात किमान १५० मिलिमीटर मोकळीक धरावी. हे अंतर ७५० मिलिमीटर असेल, तर अक्ष जमिनीपासून निदान ९०० मिलिमीटर वर हवा. चाके फक्त हलवण्यापुरती आहेत. कामाच्या वेळी तळाचे स्क्रू-जॅक टेकवून स्टँड पाणसळीत आणावा.

हा स्टँड धड फिरवण्यासाठी आहे, त्याचा आकार पक्का धरून ठेवण्यासाठी नाही, हे आम्ही आग्रहाने सांगतो. मुख्य नळी कापून बदलायची असेल, किंवा पत्रे अजून पूर्ण रिवेट झालेले नसतील, तर ते काम आधी जिगवर (भाग अचूक जागी पक्के धरून ठेवणाऱ्या साच्यावर) करावे आणि धडाला स्वतःचा ताठरपणा आल्यावरच ते स्टँडवर घ्यावे. दारांच्या मोठ्या मोकळ्या जागांत तात्पुरते तिरपे आधार बसवावेत. पंख, इंजिन, बॅटरी, इंधनटाक्या आणि लँडिंग गिअर आधी उतरवलेले असावेत. वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या शेजारी, धडाच्या साफ केलेल्या नळीलाच लावावा. तो स्टँडच्या चौकटीला लावल्यास विद्युतप्रवाह बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर व कड्यांवर खड्डे पडतात. सँडब्लास्टिंगपूर्वी बेअरिंग कापडाने आणि टेपने पूर्ण झाकावेत.

प्रत्येक स्टँड पाठवण्यापूर्वी आम्ही त्यावर ग्राहकाने कळवलेल्या वजनाच्या दुप्पट भार टांगतो, तो पूर्ण फिरवतो आणि त्यानंतर वेल्ड पुन्हा तपासतो. विमानावर झालेल्या कामाची तपासणी आणि त्यावरील सही ही मात्र परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याचीच जबाबदारी राहते.

मागणी नोंदवताना विमानाचा प्रकार, पंख व इंजिन काढल्यानंतरचे धडाचे वजन, फायरवॉलपासून मागच्या पकडीपर्यंतची लांबी, इंजिन माउंटच्या छिद्रांमधील उभे व आडवे अंतर आणि छिद्रांचा व्यास कळवावा. वजन दोन काट्यांवर, पुढे आणि मागे वेगवेगळे मोजलेले असेल, तर दोन्ही आकडे द्यावेत, कारण पुढच्या खांबावर बहुधा अधिक भार येतो आणि त्याची चौकट त्या हिशेबाने बांधावी लागते.